गिटार अ‍ॅम्पची ट्यूब बदलताय? नाव नको, नंबर बघा

पुण्या-मुंबईहून, आत जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह असलेले, सेकंडहँड ट्यूब अ‍ॅम्प मागवणारे गिटारवाले आता जळगाव, धुळे, भुसावळलाही सापडतात. कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतं, कुणी घरच्या छोट्या स्टुडिओत अहिराणी गाणी रेकॉर्ड करतं. अ‍ॅम्प घरी आला की एक सल्ला हमखास कानावर पडतो: आतल्या ट्यूब बदला, टोन खुलेल. मग ऑनलाइन दुकान उघडावं तर एकाच नंबरच्या डझनभर ट्यूब समोर येतात. एक म्हणे उबदार, दुसरी चमकदार, तिसरी मलईदार. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. त्यात मार्च २०२२ मध्ये रशियाने ट्यूबची निर्यात थांबवली आणि जगभर भाव भडकले. निर्यात काही आठवड्यांत पुन्हा सुरू झाली, पण तेव्हापासून ही हौस स्वस्त राहिलेली नाही.

तेव्हा पैसे नेमके कुठे टाकायचे हे आधी समजून घेतलेलं बरं. सगळा संच बदलायची गरज जवळजवळ कधीच नसते. बहुतेक वेळा पहिल्या, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी जिथे येतो त्या जागेवरची एकच ट्यूब बदलून काम होतं, आणि तिथेही कंपनीच्या नावापेक्षा ट्यूबच्या नंबराने जास्त फरक पडतो.

## ट्यूब करते तरी काय

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तेच व्हॉल्व्ह. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तार तापते. तिच्या उष्णतेने कॅथोड नावाच्या भागातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात, कारण प्लेटवर दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब असतो. या दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारचा सिग्नल या ग्रिडवर येतो.

गिरणेच्या कालव्यावरून शेताकडे वळणाऱ्या चारीच्या तोंडाशी फळी असते ना, ग्रिड म्हणजे ती फळी. फळी दोन बोटं वर-खाली केली की पलीकडे पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो. हाताचा जोर थोडा, पाण्याचा जोर मोठा. गिटारच्या पिकअपमधून व्होल्टचा लहानसा अंशच येतो, पण त्या हालचालीने प्लेटवरचा दाब कित्येक व्होल्टनी हलतो. हीच वाढ, म्हणजे गेन. आणि फळी किती हलली की पाणी किती वाढतं, हे प्रत्येक नंबराच्या ट्यूबमध्ये वेगळं असतं.

अ‍ॅम्पमध्ये ट्यूब दोन प्रकारच्या असतात. बोटाएवढ्या छोट्या, त्या प्रीअ‍ॅम्पच्या. त्या सिग्नल वाढवतात आणि आवाजाला वळण देतात. मोठ्या असतात त्या पॉवर ट्यूब, उदाहरणार्थ ६एल६ किंवा ईएल३४. त्या स्पीकर हलवतात. हा लेख फक्त छोट्या ट्यूबपुरता आहे. मात्र एक सावधगिरी. ईएल८४ ही पॉवर ट्यूबसुद्धा सडपातळ आणि नऊ पिनांचीच असते, त्यामुळे ती प्रीअ‍ॅम्पच्या सॉकेटात बसतेही. बसते म्हणून चालते असं मात्र नाही. जुनी ट्यूब काढताना तिच्यावरचा नंबर वाचा, आकारावर विसंबू नका.

## नंबर काय सांगतो

आजच्या बहुतेक अ‍ॅम्पमध्ये छोटी ट्यूब म्हणजे १२एएक्स७. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात, आणि कमी कुरकुरीची म्हणून निघालेली अमेरिकी आवृत्ती ७०२५. हे तिन्ही नंबर एकमेकांच्या जागी बेलाशक चालतात. तिच्याच सॉकेटात बसणाऱ्या आणि तिच्यासारखीच पिनांची मांडणी असलेल्या आणखी चार ट्यूब कामाच्या आहेत. फरक आहे तो वाढवण्याच्या ताकदीत. कंपन्यांच्या माहितीपत्रकात १२एएक्स७ची ताकद १०० धरली आहे, ५७५१ची ७०, १२एटी७ची ६०, १२एवाय७ची ४४ च्या आसपास आणि १२एयू७ची १७ ते २०.

हे आकडे ट्यूबचे झाले. अ‍ॅम्पमध्ये बसल्यावर सर्किट त्यातला काही वाटा खातं. प्लेटला १०० किलोओहमचा रेझिस्टर असलेल्या नेहमीच्या सर्किटात १२एएक्स७ सिग्नल साधारण ६० पट वाढवते, ५७५१ सुमारे ४४ पट, १२एवाय७ सुमारे ३५ पट आणि १२एयू७ जेमतेम १५ पट. कानाच्या हिशेबात पहिल्या बदलाने तीन डेसिबल उतरतात, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने बारा. तीन डेसिबल म्हणजे आवाज किंचित मागे सरकल्यासारखा. बारा डेसिबल मात्र कुणालाही कळतात.

१२एटी७बद्दल एक सांगायला हवं. कागदावर ती ५७५१च्या जवळची दिसते, म्हणून अनेकजण पहिल्या जागी तीच घालतात. पण ती मुळात जास्त करंटवर चालण्यासाठी बनलेली आहे, तिच्या माहितीपत्रकातला नेहमीचा करंट १० मिलिअँपिअर आहे. १२एएक्स७साठी आखलेल्या सर्किटात तिला एक-दीड मिलिअँपिअरच्या आसपासच मिळतो, तिच्यासाठी तो उपासच. चालते, बिघडवत काही नाही, पण आवाज अनेकदा कोरडा, अंग नसलेला लागतो. पहिल्या जागेसाठी ५७५१ किंवा १२एवाय७ जास्त बऱ्या. १९५० च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या बासमन आणि डिलक्स या मॉडेलमध्ये पहिल्या जागी कारखान्यातूनच १२एवाय७ येत असे, म्हणजे हा प्रयोग नवा नाही.

## कमी गेन कशाला हवा?

कारण घरात, छोट्या खोलीत, रेकॉर्डिंगच्या वेळी सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच असते: व्हॉल्यूम दोनवर नेला की आवाज फाटतो, एकवर ठेवला तर ऐकू येत नाही. पहिल्या जागी ५७५१ घातली की नॉब फिरवायला जागा मिळते. स्वच्छ आवाजाचा टप्पा लांबतो आणि बोटाच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त फाटायला लागतो. ‘टोन सुधारला’ असं लोक ज्याला म्हणतात त्यातला बराचसा भाग हाच असतो.

उलट मागणी असेल, म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाज, हवं असेल, तर ट्यूब बदलून ते मिळणार नाही. १२एएक्स७पेक्षा जास्त गेनची ट्यूब या सॉकेटासाठी बाजारात नाही. ‘हाय गेन’ छापलेली महागडी ट्यूब म्हणजे त्याच नंबराची, मोजून निवडलेली. त्या पैशात एक बरा ओव्हरड्राइव्ह पेडल येतो आणि फरक दहापट पडतो.

आणि अ‍ॅम्पचा एकूण जोर? तो पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ठरवतात. छोटी ट्यूब बदलून १५ वॅटचा अ‍ॅम्प २० वॅटचा होत नाही.

## सगळ्या जागा सारख्या नसतात

अ‍ॅम्पच्या मागच्या बाजूला किंवा आतल्या लाकडावर बहुधा ट्यूबचा तक्ता चिकटवलेला असतो. व्ही१, व्ही२, व्ही३ असे क्रम असतात. गिटारची वायर जिथे लागते त्या सॉकेटाला सर्वांत जवळची ती व्ही१. चारीच्या तोंडाशीच गाळ आला तर खालच्या प्रत्येक वाफ्यात तो पोचतो. तसं व्ही१मधली कुरकुर पुढच्या सगळ्या ट्यूब वाढवत नेतात. चांगली बाब अशी की व्ही१मधला चांगला बदलही तसाच पुढे जातो. म्हणून पैसे इथे.

सर्वांत मागची छोटी ट्यूब, पॉवर ट्यूबच्या अलीकडची, हिला फेज इन्व्हर्टर म्हणतात. ती सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करून दोन पॉवर ट्यूबना देते. एका काचेत दोन स्वतंत्र ट्यूब असतात, आणि या जागी त्या दोघी शक्यतो सारख्या ताकदीच्या असाव्यात. दुकानदार ‘बॅलन्स्ड’ म्हणून जी जास्त पैशाला विकतो, तिला अर्थ असलाच तर याच जागी आहे. व्ही१साठी त्या शिक्क्याचे पैसे देऊ नका.

मधल्या जागांची कामं वेगवेगळी असतात. फेंडर डिलक्स रिव्हर्बमध्ये व्ही३ ही रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी, स्प्रिंग हलवणारी ट्यूब आहे आणि ती १२एटी७ आहे. व्ही६, म्हणजे फेज इन्व्हर्टर, तोही १२एटी७. ‘सगळीकडे एकच नंबर असलेला बरा’ म्हणून व्ही३मध्ये १२एएक्स७ कोंबली तर रिव्हर्ब बारीक आणि रोडावलेला होतो. या जागी करंट लागतो, आणि तो देणं १२एएक्स७चं काम नाही. मार्शल पद्धतीच्या काही अ‍ॅम्पमध्ये टोनच्या नॉबांच्या आधी कॅथोड फॉलोअर नावाची जोडणी असते. तिथे तापणारी तार आणि कॅथोड यांच्यात दीडशे-पावणेदोनशे व्होल्टचा फरक राहतो. हलकी बनवलेली ट्यूब तिथे पहिल्यांदा दम तोडते. त्या जागी प्रयोग न केलेलेच बरे.

अ‍ॅम्पमध्ये ट्यूब आहे की नाही हेही आधी बघा. मार्शल एमजी, फेंडर फ्रंटमन, बॉस कटाना यांत एकही नाही. पाठीमागची जाळी उघडून ट्यूब शोधत बसण्यात अर्थ नाही.

## पण ब्रँडने फरक पडतोच ना?

पडतो, पण लोक म्हणतात तिथे नाही. इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, सोवटेक, टंग-सोल आणि आजची मुलार्ड ही चारही नावं न्यूयॉर्कच्या न्यू सेन्सर या एकाच कंपनीची, आणि ट्यूब बनतात रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यात. आज मुलार्ड छापलेल्या नव्या ट्यूबचा इंग्लंडच्या जुन्या मुलार्डशी नावापलीकडे संबंध नाही. जेजे स्लोव्हाकियातल्या चाड्सा गावची. अ‍ॅम्प कंपन्या आपलं नाव छापून विकतात त्या ट्यूबही अशाच मोजक्या कारखान्यांतून येतात.

एकाच कारखान्यातही आतली रचना निरनिराळी असते. प्लेट लांब किंवा आखूड असते, जाळीची बांधणी वेगळी असते. लांब प्लेटच्या ट्यूबला धक्का लवकर जाणवतो. स्पीकर आणि ट्यूब एकाच पेटीत असलेल्या कॉम्बो अ‍ॅम्पमध्ये ती घुमायची शक्यता जास्त, तिथे आखूड प्लेटची घ्यावी. कुरकुर किती, धक्का सोसते किती, दोन्ही अर्ध्या भागांत समतोल किती, हे फरक खरे आहेत. पण एकाच ब्रँडच्या, एकाच खोक्यातल्या दोन ट्यूबमध्येही ते सापडतात. म्हणून ब्रँड निवडण्यापेक्षा ट्यूब मोजून, धक्का देऊन तपासून पाठवणारा आणि बिघडलेली परत घेणारा दुकानदार निवडावा.

जुन्या साठ्यातल्या, न वापरलेल्या ट्यूबबद्दल: चांगल्या असतात, आणि त्यांच्याच नकलाही सर्वांत जास्त असतात. काचेवरचं छापील नाव अंगठ्याने पुसलं जातं, तसंच ते नव्याने छापताही येतं. कुरकुरीची चाचणी केलेली नसेल तर नावाला भुलू नका.

## जुन्या रेडिओतली काढून बसवली तर?

खान्देशातल्या जुन्या वाड्यांतून, माळ्यांवरून व्हॉल्व्हचे रेडिओ अजून निघतात, आणि बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या ट्यूबही त्यांत भेटतात. दर्जा चांगला होता. पण घरगुती रेडिओत बहुधा ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४ असले नंबर असतात. ईसीसी८३ सहसा नसते. ती मिळते लाउडस्पीकरच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आणि स्पूलच्या टेपरेकॉर्डरमध्ये.

रेडिओत ईसीसी८५ दिसली आणि फक्त शेवटचा आकडा वेगळा म्हणून ती बसवली, तर फसाल. तिच्या तापतारेची जोडणी वेगळी आहे. १२एएक्स७मध्ये ही तार ४, ५ आणि ९ नंबरच्या पिनांवर असते. अ‍ॅम्पवाले ४ आणि ५ एकत्र जोडून त्या जोडीवर आणि ९ वर ६.३ व्होल्ट देतात. ईसीसी८५ला तार फक्त ४ आणि ५ वर, म्हणजे दोन्ही टोकांना एकच दाब आणि ट्यूब थंडच. रशियन ६एन२पीचंही हेच. ताकद १२एएक्स७एवढी, पण या सॉकेटात ती पेटतच नाही. १२बीएच७ पेटते, पण १२एएक्स७च्या ०.३ अँपिअरऐवजी ०.६ अँपिअर ओढते आणि छोट्या अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरवर भार टाकते.

## बदलण्याआधी: दोष ट्यूबचाच आहे का?

इथे लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात. छोटी ट्यूब नीट वापरली तर हजारो तास चालते. दरवर्षी बदलायची वस्तू नाही ती. आधी गिटार काढून ठेवा, गिटारची वायर लागते ते सॉकेट मोकळं ठेवून व्हॉल्यूम फिरवा. नॉबबरोबर आवाज कमी-जास्त होत असेल तर दोष नॉबच्या अलीकडे, बहुधा व्ही१च्या आसपास. नॉब शून्यावर नेऊनही आवाज तसाच असेल तर तो पुढे कुठेतरी आहे, आणि व्ही१ बदलून काही होणार नाही.

घुंऽऽ असा आवाज येत असेल तर त्याचा सूर ओळखा. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा सूर साधारण ९८ हर्ट्झ असतो. घूं त्याच्याशी जुळत असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकल्याची खूण, काम दुरुस्तीवाल्याचं. त्याहून एक सप्तक खाली, जाड आणि खोल असेल तर ५० हर्ट्झ. तो ट्यूबच्या तापतारेचा असू शकतो, अर्थिंगचा असू शकतो, गिटारच्या वायरचाही असू शकतो. खेड्यातल्या जुन्या वायरिंगमध्ये तिसरी पिन नुसती दिखाऊ असते, तेव्हा अर्थिंग आधी तपासून घ्या. अर्थची पिन तोडून घूं घालवायचा जुना जुगाड कधीच करू नका; स्टेजवर माइकला ओठ लागताच जीव जाऊ शकतो.

नॉब फिरवताना खर्र खर्र येते ती नॉबच्या धुळीची, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. नाहीच गेली तर एखादा कपॅसिटर गळतोय. अधूनमधून कडकड येत असेल तर ट्यूबच्या पिनांवर गंज चढलेला असतो. अ‍ॅम्प बंद करून पिनांना थोडा क्लीनर लावा, ट्यूब दोन-तीनदा काढून घाला. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. आणि गिटारच्या तारा सहा महिने जुन्या असतील तर आधी त्या बदला. टोनचा एवढा मोठा फरक कुठलीच ट्यूब देणार नाही.

ट्यूब घुमते का हे बघायचं तर अ‍ॅम्प चालू, व्हॉल्यूम मधोमध, आणि पेन्सिलीच्या लाकडी टोकाने प्रत्येक छोट्या ट्यूबवर हलकी टिचकी. बारीक टक्‌ आवाज सगळ्याच देतात. एखादी घंटेसारखी घणघणत राहिली किंवा शीळ घालायला लागली तर ती व्ही१मधून काढा. मागच्या जागी तीच बहुधा निमूट चालते.

## काढायची आणि घालायची कशी

अ‍ॅम्प बंद, वायर भिंतीतून काढलेली, पंधरा मिनिटं थांबलेले. मागच्या बाजूने ट्यूब दिसत असतील तेवढंच काम घरी करा. पत्र्याचा डबा, म्हणजे चॅसिस, उघडू नका. आत ३०० ते ४५० व्होल्ट असतात आणि कपॅसिटर वायर काढल्यावरही ते धरून ठेवतात.

ट्यूबवर पत्र्याची टोपी असेल तर ती खाली दाबून किंचित फिरवली की सुटते. ट्यूब सरळ ओढायची, फारतर किंचित डोलवत, पिळायची नाही. पिनांच्या गोलात एका ठिकाणी मोठी फट असते, ती सॉकेटातल्या फटीसमोर आणून सरळ दाबा. पिन वाकली असेल तर चिमट्याने हळू सरळ करा. जोर लावला की पिनेच्या मुळाशी काचेला तडा जातो आणि हवा आत शिरते. मग काचेच्या डोक्यावरचा चंदेरी थर पांढरा पडतो. पांढरी पडलेली ट्यूब संपली.

छोट्या ट्यूबना बायस (सिग्नल नसताना ट्यूबमधून किती करंट वाहील ती जुळणी) लावावा लागत नाही. बदलल्या की झालं. पॉवर ट्यूबचं तसं नाही, त्यांचा बायस अनेक अ‍ॅम्पमध्ये मोजून लावावा लागतो. आणि स्पीकरची वायर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

## फरक ऐकायचा कसा

एका वेळी एकच जागा बदला. मोबाइलवर रेकॉर्ड करून तुलना करणार असाल तर ध्यानात घ्या, मोबाइल आवाजाची पातळी आपोआप सारखी करतो, त्यामुळे गेनमधला फरक त्यात दिसतच नाही. कान उलट फसवतो. दोन-तीन डेसिबल जास्त असलेला आवाज प्रत्येकाला ‘जास्त छान’ वाटतो. म्हणून ट्यूब बदलल्यावर आधी व्हॉल्यूम फिरवून जोर पहिल्याएवढा करा, मग टोन ठरवा. एवढं करूनही दोन ब्रँडमध्ये फरक कळत नसेल तर स्वस्त असेल ती ठेवा.

## आपल्याकडचं ऊन आणि लाइट

भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ट्यूबला तेवढ्याने काही होत नाही, ती स्वतःच त्याहून खूप तापते. हाल होतात ते कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचे. अ‍ॅम्पची पाठ भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेवा, आणि पत्र्याच्या मांडवात उन्हाच्या बाजूला नकोच.

व्होल्टेज जास्त छळतं. तापतारेचे ६.३ व्होल्ट दहा टक्क्यांच्या आत राहायला हवेत. २३० व्होल्टच्या अ‍ॅम्पला म्हणजे साधारण २०७ ते २५३. रात्री शेतीपंप बंद झाल्यावर फीडरवर २६० चढले तर तारेला ७.१ व्होल्ट मिळतात आणि ट्यूबचं आयुष्य झपाट्याने घटतं. संध्याकाळी १९० वर उतरलं की आवाज मेल्यासारखा होतो आणि लोक ट्यूबला दोष देतात. टोन बिघडला वाटलं की आधी मल्टिमीटर प्लगमध्ये घाला. स्टॅबिलायझर घेणार असाल तर सर्व्हो प्रकारचा बरा. रिलेवाला टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला स्पीकरमध्ये टक्‌ येतं. लग्नात जनरेटरवर वाजवताना अ‍ॅम्प लावण्याआधी व्होल्टेज मोजून घ्या. लाइट गेली की अ‍ॅम्पचा स्विच बंद करा, परत येताना पहिला झटका मोठा असतो. अमेरिकेतून आलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असू शकतो, पाठीवरचा आकडा वाचल्याशिवाय लावू नका.

पहिल्या खेपेला मागवायचं ते एवढंच: एक साधी, तपासलेली १२एएक्स७ आणि एक ५७५१. कुरियरचं पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आतला पत्रा सुटल्यासारखा खुळखुळत असेल किंवा चंदेरी थर पांढरा असेल तर त्याच दिवशी परत पाठवा. दोन्ही ट्यूब व्ही१मध्ये आठवडाभर वाजवून बघा, आवडेल ती ठेवा. अ‍ॅम्पमधून निघालेली जुनी चांगली असेल तर तिच्या खोक्यावर जागा आणि तारीख लिहून गिटारच्या पिशवीत टाका. कार्यक्रमात ऐन वेळी ट्यूब गेली तर बदलायला तीच हाताशी असेल.